संगणकाचे शिक्षण : ज्ञानासाठी की नोकरीसाठी?

(तृतीय वर्ष कला, तत्त्वज्ञान)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकशास्त्राच्या शिक्षणाविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. "आपला त्याच्याशी काय संबंध?" असे माझ्या मैत्रिणींनीही विचारले. संबंध दुहेरी आहे. पहिला घरचा. माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी बारावी विज्ञान उत्तीर्ण झाला आणि त्याने संगणक शिकावयाचे ठरवले. पण तो कोणत्या वाटेने शिकावा, यावर आमच्या घरात महिनाभर चर्चा, खरे सांगायचे तर वाद, चालू होता. एका वाटेवर विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी होती. दुसऱ्या वाटेवर शहरातल्या एका खाजगी क्लासचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम होता आणि त्याच्या माहितीपत्रकावर 'नोकरीची हमी' हे शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले होते. दुसरा संबंध विषयाचा. तर्कशास्त्राच्या तासाला आपण जे नियम शिकतो, त्याच नियमांच्या आधारावर संगणक उभा आहे, हे मला या वादाच्या निमित्ताने नीट कळले.

तेव्हा प्रश्न असा, की संगणकाच्या शिक्षणात शास्त्राच्या मूलतत्त्वांना अग्रस्थान द्यावे की नोकरीला लागणाऱ्या कौशल्याला? विद्यार्थ्यांच्या भाषेत, 'थिअरी' की 'प्रॅक्टिकल'? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी जे वाचले आणि जे घरात पाहिले, ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

जुनाच वाद

आमच्या घरात हा वाद नवा असला, तरी शास्त्राच्या जगात तो जुना आहे. मुळात संगणकशास्त्र हा विषयच तरुण आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९६२ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. १९६८ मध्ये असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी या संस्थेने पदवीसाठी एक आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. त्यात गणिताचा वाटा मोठा होता. पुढे १९७८ मध्ये त्याच संस्थेने नवा अभ्यासक्रम काढला, तेव्हा प्रोग्राम लिहिण्याच्या सरावावर अधिक भर दिला. म्हणजे तराजूचे पारडे दहा वर्षांतच दुसऱ्या बाजूला झुकले.

१९८८ मध्ये एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञांनी या वादाला धार आणली. त्या वेळी ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात शिकवत होते. त्यांचे म्हणणे असे, की प्रोग्राम ही गणितातील एखाद्या सूत्रासारखी वस्तू आहे. तो चालवून पाहून बरोबर ठरत नाही, तो बरोबर असल्याचे सिद्ध करावे लागते. म्हणून पहिल्या वर्गातील विद्यार्थ्यांनी प्रोग्राम लिहावेत, पण ते यंत्रावर चालवूच नयेत! अर्थात हे सर्वांना पटले नाही. त्यांचा लेख आणि त्यावर इतर नामवंतांनी दिलेली उत्तरे संस्थेच्या मासिकात डिसेंबर १९८९ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाली. १९९० मध्ये डेव्हिड पार्नास यांनी या विषयावर आणखी एक लेख लिहिला. अभियंता जसा आधी गणित आणि मूलतत्त्वे शिकतो, तसेच संगणकाच्या विद्यार्थ्यानेही शिकावे, त्या त्या वेळी चलतीत असलेल्या साधनांमागे धावू नये, असे त्यांनी बजावले.

आपल्या देशात हा प्रश्न थोड्या वेगळ्या रीतीने आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्वदेशी संगणक १९६० मध्ये सुरू झाला. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये १९६३ मध्ये आय.बी.एम. १६२० हे यंत्र आले आणि तेथे विद्यार्थ्यांना प्रोग्राम लिहावयास शिकवू लागले. हे शिक्षण मूठभरांसाठी होते. १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरील बंधने सैल केली, यंत्रे स्वस्त होऊ लागली, आणि विद्यापीठांच्या आधी खाजगी क्लासेस गावोगाव पोचले. १९९० मध्ये सरकारने अशा क्लासेसमधील विद्यार्थ्यांसाठी 'ओ', 'ए', 'बी', 'सी' अशा चार पातळ्यांच्या परीक्षांची योजनाही सुरू केली. म्हणजे ज्या पिढीने आपल्याकडे संगणक रुजवला, तिच्यातील पुष्कळांना शास्त्र भेटण्याआधी नोकरीचे शिक्षण भेटले. माझे वडील त्या पिढीतले.

येथे एक खुलासा केलेला बरा. आपल्यापैकी बहुतेकांनी एम.एस.-सी.आय.टी. केलेली असते. ती संगणक वापरण्याची ओळख आहे. सायकल चालवता येणे वेगळे, सायकल दुरुस्त करणे वेगळे आणि ती का तोल सांभाळते हे समजणे वेगळे. या लेखातला वाद दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीसंबंधी आहे.

वडिलांची फॉक्सप्रो

माझ्या वडिलांनी बी.कॉम. झाल्यावर १९९६ मध्ये तालुक्याच्या गावी सहा महिन्यांचा क्लास केला. डॉस, लोटस, डीबेस आणि फॉक्सप्रो असा तो अभ्यासक्रम होता. क्लास संपल्यावर दोन महिन्यांत त्यांना एका पतपेढीत नोकरी लागली. ही गोष्ट मी आधीच सांगते, कारण नोकरीच्या शिक्षणाची टिंगल करणे फार सोपे आहे. आमचे घर त्या सहा महिन्यांवर उभे राहिले.

वडिलांनी पतपेढीसाठी फॉक्सप्रोमध्ये स्वतः प्रोग्राम लिहिला. मुदत ठेवींचे व्याज, कर्जाचे हप्ते, पिग्मीची रोजची जमा, सारे त्यात होते. तो चालला, आणि चांगला चालला. पण त्यात तीन दोष निघाले, ते मला वडिलांनीच समजावून सांगितले.

पहिला दोष तारखेचा. सालाचे दोनच आकडे लिहिण्याची रीत होती. १९९८ मध्ये कोणी तीन वर्षांची ठेव ठेवली, तर मुदत संपण्याचे साल '०१' असे भरले जाई आणि यंत्र ते १९०१ समजे. ठेवीची मुदत सत्त्याण्णव वर्षे मागे निघे आणि व्याज उणे येई. साऱ्या जगाला १९९९ मध्ये जी धास्ती पडली होती, ती आमच्या तालुक्यातल्या पतपेढीत वर्षभर आधीच दिसली.

दुसरा दोष पत्त्याचा. सभासदांची फाइल, ठेवींची फाइल आणि कर्जाची फाइल अशा तीन ठिकाणी वडिलांनी सभासदाचे नाव आणि पत्ता भरण्याची सोय केली होती. एका सभासदाने घर बदलले. सभासदांच्या फाइलमध्ये नवा पत्ता आला, कर्जाच्या फाइलमध्ये जुना तसाच राहिला. थकबाकीची नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन परत आली आणि संचालकांच्या सभेत वडिलांना उत्तर देता देता घाम फुटला.

तिसरा दोष मला विशेष वाटला. कर्जाचा नियम असा होता, की अर्जदाराची थकबाकी नसावी आणि त्याला दोन जामीनदार असावेत. नामंजुरीसाठी वडिलांनी अट लिहिली : 'थकबाकी असेल आणि जामीनदार नसतील, तर नामंजूर.' वाचताना हे वाक्य बरोबर वाटते. पण थकबाकी असूनही जामीनदार आणणारा अर्जदार त्यातून सुटून जातो. लेखापरीक्षकाने ते पकडले. तेथे 'आणि' नव्हे, 'किंवा' हवे होते. दोन विधानांच्या 'आणि'चा निषेध केला, की त्यांच्या निषेधांमध्ये 'किंवा' येतो. हा द मॉर्गनचा नियम आहे. आपण तो तर्कशास्त्राच्या तासाला पाठ करतो आणि परीक्षेत दोन गुण मिळवतो. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, ते ऑगस्टस द मॉर्गन १८०६ मध्ये आपल्याच देशात, मदुराईला जन्मले होते. त्यांचे समकालीन जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये विचाराचे नियम बीजगणितात मांडले आणि १९३७ मध्ये क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवले, की तेच बीजगणित विजेच्या खटक्यांना लागू पडते. आजचा प्रत्येक संगणक त्या पायावर चालतो.

आता दुसऱ्या दोषाकडे परत येऊ. एक माहिती एकाच जागी ठेवावी, बाकीच्या जागी तिचा केवळ क्रमांक असावा, हे तत्त्व एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडलेल्या उपपत्तीतून पुढे आले. माहिती तक्त्यांत कशी विभागावी, याचे त्याने आणि त्याच्या अनुयायांनी नियम घालून दिले. वडिलांनी क्लास केला तेव्हा या उपपत्तीला सव्वीस वर्षे झाली होती. क्लासमध्ये त्यांना फॉक्सप्रोची प्रत्येक आज्ञा शिकवली गेली. माहिती कशी मांडावी, हे मात्र कोणी सांगितले नाही.

पुढे काय झाले पाहा. फॉक्सप्रो १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीकडे गेली. २००७ मध्ये कंपनीने जाहीर केले, की तिची नवी आवृत्ती निघणार नाही. जानेवारी २०१५ मध्ये तिचा आधारही बंद झाला. त्याआधीच पतपेढीने तयार प्रणाली विकत घेतली होती. वडिलांची नोकरी राहिली, पण प्रोग्राम लिहिणारा माणूस आता पावत्यांचे आकडे भरू लागला. कॉडची १९७० ची उपपत्ती मात्र आजही बँकांच्या, रेल्वेच्या आणि विद्यापीठाच्या निकालांच्या प्रणालीत काम करते आहे. ज्याला ती येते, त्याला एक साधन सोडून दुसरे धरायला काही आठवडे लागतात. ज्याला केवळ साधन येते, त्याचे साधनाबरोबर वय होते.

ताईची पहिली श्रेणी

एवढ्यावरून 'थिअरीचा विजय असो' असे म्हणून लेख संपवता आला असता. पण घरातच दुसरे उदाहरण आहे. माझी आतेबहीण, आमची ताई, संगणकशास्त्रात एम.एस्सी. झाली, तीही पहिल्या श्रेणीत. पहिल्या मुलाखतीत तिला अगदी साधे काम दिले : वर्णानुक्रमे लावलेल्या नावांच्या यादीतून एक नाव शोधण्याचा प्रोग्राम लिहा.

याची रीत आपण शब्दकोश उघडताना वापरतो. मधले पान काढावे. हवा असलेला शब्द त्याच्या आधी असेल तर नंतरचा अर्धा भाग सोडावा, नंतर असेल तर पुढचा भाग घेऊन पुन्हा मध्य काढावा. याला बायनरी सर्च म्हणतात. एक लाख नावे असली, तरी जास्तीत जास्त सतरा वेळा पाहावे लागते. एकेक नाव तपासत गेले, तर लाख वेळा पाहावे लागू शकते. ताईने हे सारे फळ्यावर सुंदर समजावून सांगितले. मग प्रोग्राम लिहिला. यादीत नसलेले नाव दिल्याबरोबर तो फिरतच राहिला, थांबेचना. तिने पाच वर्षांच्या प्रॅक्टिकलमध्ये जर्नल पूर्ण केले होते, पण ते आधीच्या तुकडीच्या जर्नलवरून उतरवलेले होते. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत कोणत्या चिठ्ठ्या येणार, हे सर्वांना ठाऊक असे. तिची ती नोकरी गेली.

ताईला मी एक गोष्ट सांगितली, त्याने तिला थोडा धीर आला. जॉन बेंटली यांनी नोकरीत मुरलेल्या प्रोग्रामरांना हाच प्रश्न दोन-दोन तास देऊन घातला होता. शेकडा नव्वदांच्या आसपास लोकांच्या उत्तरांत चुका निघाल्या. १९८६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी तसे नमूद केले आहे. त्यांनी स्वतः मात्र आपला प्रोग्राम पायरीपायरीने सिद्ध करून दाखवला. आणि खरी गंमत पुढेच आहे. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिले, की बेंटलींच्या त्या सिद्ध केलेल्या रीतीतही एक चूक लपलेली आहे, आणि तीच चूक जावा भाषेच्या भांडारात सुमारे नऊ वर्षे राहिली होती!

चूक समजण्यास सोपी आहे. मध्य काढण्यासाठी पहिला क्रमांक आणि शेवटचा क्रमांक यांची बेरीज करून दोनने भागतात. कागदावर हे निर्दोष आहे. पण यंत्रातील पूर्णांकाला मर्यादा असते. बत्तीस अंकस्थानांच्या रीतीत सर्वांत मोठी संख्या २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ एवढी. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली, की दोन क्रमांकांची बेरीज ही मर्यादा ओलांडू शकते आणि उत्तर एकदम उणे होते. उपाय एका ओळीचा : आधी दोन क्रमांकांतील अंतर काढावे, त्याचे अर्धे करावे आणि ते पहिल्या क्रमांकात मिळवावे.

या एका उदाहरणात मला दोन्ही पक्षांचे खरे-खोटे दिसते. केवळ चालवून पाहणाऱ्यांना ही चूक वर्षानुवर्षे सापडली नाही, कारण एवढी मोठी यादी कोणी चालवलीच नव्हती. केवळ कागदावर सिद्ध करणाऱ्यालाही ती सापडली नाही, कारण कागदावरच्या संख्येला अंत नसतो. यंत्र कसे असते हे ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला सिद्धताही समजते, त्यालाच ती पकडता आली.

खरा फरक कोठे आहे?

वडील आणि ताई यांची उदाहरणे शेजारी ठेवल्यावर माझे मत बदलले. वडिलांना क्लासने आज्ञा पाठ करून घेतल्या. ताईला विद्यापीठाने व्याख्या पाठ करून घेतल्या. एकाला नोकरीचे शिक्षण म्हणतात, दुसऱ्याला शास्त्राचे. पण दोन्हीकडे झाले ते पाठांतरच. आपल्याकडे 'थिअरी' म्हणजे गाइडमधील पाच गुणांची उत्तरे आणि 'प्रॅक्टिकल' म्हणजे उतरवलेले जर्नल असा अर्थ होऊन बसला आहे. अशा थिअरीची बाजू घेऊन मी भांडणार नाही. थिअरी म्हणजे 'असे का?' या प्रश्नाचे उत्तर, आणि ते उत्तर हाताने तपासून पाहिल्याशिवाय आपले होत नाही.

या अर्थाने घेतले, तर महाविद्यालयाने शास्त्रालाच अग्रस्थान द्यावे, असे माझे मत आहे. पदवीची वर्षे आयुष्यात एकदाच मिळतात. साधने नोकरीतही शिकता येतात आणि ती शिकवण्यात मालकाचा स्वार्थ असतो, म्हणून तो ती शिकवतो. ताईला पुढे ज्या कंपनीने घेतले, तिने तीन महिने प्रशिक्षण दिलेच. गणित, तर्क, माहितीची मांडणी, यंत्राची अंतर्रचना हे मात्र कोणताही मालक निवांतपणे शिकवीत बसत नाही. ताई आता सांगते, की नोकरीच्या पहिल्या वर्षी कंपनीचे प्रशिक्षण उपयोगी पडले आणि दुसऱ्या वर्षापासून विद्यापीठातले, अर्धवट का होईना, समजलेले शास्त्र उपयोगी पडू लागले.

नोकरीच्या बाजूने

या मतावर सर्वांत बोचरा आक्षेप माझ्या आईने घेतला. ती म्हणाली, "तुझे सारे खरे. पण तीन वर्षे फी कोण भरणार, आणि तोवर घर कसे चालणार?" या आक्षेपाला पुस्तकात उत्तर नाही. ज्याच्या घरी पुढच्या महिन्याच्या किराण्याची चिंता आहे, त्याला शास्त्राची थोरवी सांगणे सोपे आहे आणि थोडे निर्दयपणाचेही आहे. डाइक्स्ट्रा यांचे विद्यार्थी आणि आमच्या तालुक्यातले विद्यार्थी एकाच जमिनीवर उभे नाहीत. ज्याला ताबडतोब मिळवते व्हायचे आहे, त्याच्यासाठी लहान मुदतीचा प्रामाणिक अभ्यासक्रम हवाच. ज्याचे शास्त्र पक्के आहे, त्यालाही एखादे नवे साधन चटकन शिकण्यासाठी तो उपयोगी आहे.

मात्र 'प्रामाणिक' हा शब्द महत्त्वाचा. भावासाठी आणलेले माहितीपत्रक मी शेवटपर्यंत वाचले. मोठ्या अक्षरांत नोकरीची हमी होती, तर शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत 'नोकरी मिळवण्यास साहाय्य' एवढेच. साहाय्य म्हणजे मुलाखतींची यादी. फी साठ हजार, आणि ती प्रवेशाच्या वेळीच भरावयाची.

नवे यंत्र, जुना प्रश्न

आता या वादात एक नवी भर पडली आहे. २०२१ पासून प्रोग्राम लिहून देणारी साधने सर्रास मिळू लागली आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यावर ती शाळकरी मुलांच्याही हाती गेली. आपण साध्या भाषेत काम सांगावे आणि यंत्राने प्रोग्राम लिहून द्यावा. मग शिकायचे कशाला, असे भावाच्या मित्रांनी विचारले.

मला वाटते, यामुळे आज्ञा पाठ करण्याची किंमत घटली आणि समज असण्याची वाढली. यंत्राने लिहिलेला प्रोग्राम बरोबर आहे, हे कोणी ठरवायचे? वडिलांची 'आणि'-'किंवा'ची चूक यंत्रही करू शकते, आणि ती अत्यंत सफाईदार भाषेत करू शकते. दुसरे यंत्र लावून सगळ्या चुका शोधून काढू, असे म्हणावे तर त्यालाही मर्यादा आहे. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगणक अस्तित्वात नसताना, दाखवले, की कोणताही प्रोग्राम थांबेल की फिरतच राहील, हे सर्व प्रसंगी अचूक सांगणारी एकच यांत्रिक रीत असू शकत नाही. म्हणून माणूस अचूक आहे असे नव्हे. पण तपासण्याची जबाबदारी सर्वस्वी यंत्रावर टाकता येत नाही, एवढे यातून नक्की निघते. यंत्राच्या आधी लिहिलेली ही गोष्ट आजच्या सर्वांत नव्या यंत्रालाही लागू आहे. शास्त्र शिकावे ते यासाठी.

काही सूचना

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात व्यवसायकौशल्याला आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला स्थान दिले आहे. ही संधी चांगली आहे. तिचा उपयोग कसा करावा, याविषयी लहान तोंडी मोठा घास घेऊन चार सूचना करते.

पहिली, प्रत्येक तत्त्व शिकवल्यावर त्याच आठवड्यात ते यंत्रावर तपासून घ्यावे. थिअरी सोमवारी आणि प्रॅक्टिकल परीक्षेच्या आधी, असे नको. दुसरी, निदान दोन भाषा शिकवाव्यात. एकच भाषा शिकणाऱ्याला भाषेचे वैशिष्ट्य कोणते आणि शास्त्र कोणते, हे कळत नाही. दोन शिकल्या, की दोहोंत समान काय ते दिसू लागते. तिसरी, प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ठरलेल्या चिठ्ठ्यांऐवजी दुसऱ्याने लिहिलेला सदोष प्रोग्राम द्यावा आणि दोष शोधावयास सांगावे. ते जर्नलमधून उतरवता येत नाही. चौथी, शेवटच्या सत्रात गावातल्या पतपेढीचे, ग्रंथालयाचे किंवा ग्रामपंचायतीचे खरे काम विद्यार्थ्यांना द्यावे. थकबाकीची नोटीस चुकीच्या पत्त्यावर गेली म्हणजे काय होते, हे तेथे समजते.

आणि हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा नाही. आपल्याकडेही भाषेचा अभ्यास करावा की 'संभाषणकौशल्या'चा वर्ग लावावा, इतिहास वाचावा की स्पर्धापरीक्षेची प्रश्नावली, हा पेच रोजचा आहे. मुलाखतीत कसे बोलावे हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. बोलण्याजोगे काय आहे, हा प्रश्न मागे राहतो.

समारोप

शेवटी आमच्या घरात काय ठरले, ते सांगते. भावाने गेल्या जून महिन्यात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. क्लासचे साठ हजार वाचले, पण त्यातले बरेच पदवीच्या फीत आणि बसच्या पासात जातील. संध्याकाळी तो एका दुकानात हिशोब लिहितो. आईचा आक्षेप मिटलेला नाही. तो आम्ही तिघांनी वाटून घेतला आहे, एवढेच.

दिवाळीच्या सुट्टीत भाऊ डेटाबेसचे पुस्तक घेऊन ओट्यावर बसला होता. वडील कामावरून आले आणि त्यांनी सहज ते हातात घेतले. माहितीचे तक्ते कसे पाडावेत, त्या प्रकरणातील एक उदाहरण त्यांनी दोनदा वाचले. त्यात एकाच माणसाचा पत्ता दोन तक्त्यांत होता, आणि त्यात काय बिघडते ते लिहिले होते. वडील म्हणाले, "ही तर माझीच चूक छापली आहे यांनी." मग कागद घेऊन त्यांनी पतपेढीच्या तीन फाइली भावाला काढून दाखवल्या आणि दोघांनी मिळून त्या पुन्हा मांडल्या. जेवणाची ताटे वाढून झाली तरी दोघे उठले नाहीत.

त्या रात्री वडिलांकडे अनुभव होता आणि भावाकडे पुस्तक होते. महाविद्यालयाने या दोघांना एका ओट्यावर आणून बसवावे, आणि बसवताना पुस्तक नीट समजेल इतका वेळ द्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे. ज्यांना हे पटणार नाही, त्यांनी पुढील अंकात अवश्य लिहावे. वाद घरात चालू आहेच, तो महाविद्यालयातही चालला तर बरेच होईल.